मेलेल्या माणसासाठी नाचायचं असतं का?

दोस्तांनो, या आठवड्यात एकाच पत्राला उत्तर देणार आहे. बाकीच्यांनी रागावू नका. पत्रच तसं आहे.

ते आलंय बोरी अरबहून. यवतमाळ जिल्हा, दारव्हा तालुका. अडाण नदीकाठचं गाव. लिहिणारी मुलगी नववीत आहे. तिनं आपलं नाव लिहिलंय आणि खाली दोन रेघा मारून 'छापू नका' असंही लिहिलंय. म्हणून नाव नाही. पत्र मात्र जसंच्या तसं देतो :

"काका, आमच्या वर्गात सर यायच्या आधी मुलं बाक वाजवतात. धम-धम-टाळी, धम-धम-टाळी. माझा मामा म्हणाला की हा ठेका 'क्वीन' नावाच्या बँडचा आहे आणि त्यांचा गाणारा आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकला होता. हे खरं का? मामानं मोबाइलवर त्याच्या स्मरणार्थ झालेला कार्यक्रम दाखवला. हजारो लोक होते. हात वर करून गात होते, नाचत होते. आजी बाजूला वाती वळत बसली होती. ती म्हणाली, 'मानूस गेला ना वं त्याईचा? मंग हे नाचून काऊन रायले?' मला उत्तर देता आलं नाही. मामालाही नाही. तुम्ही सांगाल का?"

बघितलंत? एका पत्रात दोन प्रश्न. पहिला मामांचा, तो सोपा. दुसरा आजींचा, तो अवघड. त्यातून बोरी अरब हे नाव वाचलं आणि मी जरा वेळ पत्र हातात धरून नुसताच बसलो. कारण ते माझंही गाव. आठवीपर्यंत मी तिथंच वाढलो. तिथली एक गोष्ट मी आजवर या पानावर सांगितलेली नाही. आजींच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर ती सांगावीच लागेल. पण आधी मामांचं म्हणणं तपासू.

पाचगणीचा बकी

मामांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे.

आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यालगत झांजिबार नावाचं बेट आहे. लवंगांसाठी प्रसिद्ध. तिथं ५ सप्टेंबर १९४६ रोजी एका पारशी कुटुंबात मुलगा जन्मला. नाव फारोख बलसारा. घराणं मूळचं गुजरातचं. वडील सरकारी कचेरीत रोखपाल होते. आठ वर्षांच्या फारोखला त्यांनी शिक्षणासाठी बोटीनं भारतात पाठवलं, थेट सातारा जिल्ह्यात, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत. वाईहून पसरणीचा घाट चढून गेलं की लागतं ना, तेच पाचगणी. टेबललँड, सिल्व्हर ओकची उंच झाडं आणि पावसाळ्यात समोरचा माणूस दिसणार नाही असं धुकं. आठ वर्षांचं पोर, घर समुद्रापलीकडे, आईवडील क्वचित भेटणार. वसतिगृहात राहणाऱ्या माझ्या वाचकांना वेगळं सांगायला नको.

त्यातून त्याच्या तोंडात चार दात जास्तीचे होते. त्यामुळं पुढचे दात बाहेर आलेले. मुलं त्याला 'बकी' म्हणून चिडवायची. पुढारलेल्या दातांचा, असा त्याचा अर्थ. हसताना तोंडावर हात धरायची त्याला सवय लागली, ती मोठेपणीही पुरती गेली नाही. गंमत बघा, पुढं भरपूर पैसा आला तरी त्यानं ते दात काढून घेतले नाहीत. काढले तर आवाज बदलेल, अशी त्याला धास्ती होती!

पाचगणीत तो पियानो शिकला. टेबल टेनिसमध्येही चांगला होता. बारा वर्षांचा असताना चार मित्रांना घेऊन त्यानं शाळेतच बँड काढला. नाव 'द हेक्टिक्स'. आता नीट ऐका : त्या बँडचा मुख्य गायक तो नव्हता! गाणारा दुसराच मुलगा होता आणि आपला फारोख मागं बसून पियानो वाजवायचा. पुढं ज्याच्या आवाजानं लाखो लोक वेडे झाले, तो शाळेच्या गॅदरिंगमध्ये मागच्या रांगेत होता. स्नेहसंमेलनात तुमची निवड झाली नाही, तर हे जरूर आठवा. 'फ्रेडी' हे नाव त्याला तिथंच मिळालं.

१९६३ मध्ये तो झांजिबारला परतला. पण १९६४ च्या जानेवारीत तिथं क्रांती झाली, रक्तपात झाला. बलसारा कुटुंब हातात मावेल ते सामान घेऊन इंग्लंडला गेलं. तिथं फ्रेडी चित्रकला आणि आरेखन शिकला. पोटापाण्यासाठी काही दिवस लंडनच्या हीथ्रो विमानतळावर सामान उचललं. आणि १९७० मध्ये ब्रायन मे आणि रॉजर टेलर या दोघांबरोबर बँड उभा केला : क्वीन. पुढच्या वर्षी जॉन डीकन येऊन मिळाला. फारोख बलसारानं आपलं आडनावही बदलून घेतलं. आता तो झाला फ्रेडी मर्क्युरी.

तुमच्या बाकावरचा तो ठेका १९७७ सालचा. 'वी विल रॉक यू'. गाणं ब्रायन मेनं लिहिलं. तो ठेका ढोल बडवून केलेला नाही बरं का! पूर्वी चर्च असलेल्या एका इमारतीत स्टुडिओ होता. तिथं लाकडी फळ्यांवर पाय आपटून आणि टाळ्या वाजवून त्यांनी तो ध्वनिमुद्रित केला, आणि एकावर एक असे थर चढवून पाचपंचवीस पायांचे शेकडो पाय केले. ऐकणाऱ्यालाही गाण्यात भाग घेता यावा, ही त्यामागची कल्पना. म्हणून तर बोरी अरबच्या वर्गातही ते जमतं. आणि हा ब्रायन मे कोण? ज्यानं शाळकरी वयात वडिलांच्या मदतीनं शेकोटीच्या जुन्या चौकटीच्या लाकडातून आपली गिटार स्वतः घडवली आणि २००७ मध्ये, साठीला टेकल्यावर, सूर्यमालेतल्या धुळीवर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळवली, तो!

फ्रेडीनं स्वतः लिहिलेलं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' १९७५ सालचं. जवळजवळ सहा मिनिटांचं. एवढं लांब गाणं रेडिओ लावणार नाही असं जाणकार सांगत होते. ते इंग्लंडमध्ये सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं.

एका रात्रीची गोष्ट

आता जरा हळू वाचा.

१९८० च्या सुमारास जगात एक नवा आजार डोकं वर काढत होता. १९८१ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी त्याची पहिली नोंद केली. त्याचं नाव पडलं एड्स. एचआयव्ही नावाचा विषाणू शरीरात शिरतो आणि रोगांशी लढणारी आपली ताकदच पोखरतो. ती फार घटली की साधा न्यूमोनियासुद्धा जीव घेतो. औषध नव्हतं. आणि जिथं औषध नसतं, तिथं अफवा फार असतात. हात लावला तर होतो. त्याचा पेला वापरला तर होतो. वाईट चालीच्या माणसांनाच होतो. पुरुषावर प्रेम करणाऱ्या पुरुषांचाच हा रोग, असं तर वर्तमानपत्रंही बिनधास्त छापत होती. फ्रेडीचा शेवटच्या वर्षांतला जोडीदार पुरुषच होता. म्हणजे त्याला दोन्हीकडून टोचणी.

१९८७ मध्ये फ्रेडीला कळलं की आपल्याला हा आजार आहे. त्यानं घरची माणसं, जवळचे मित्र आणि बँडचे सोबती सोडून कुणाला सांगितलं नाही. तो गात राहिला. अंग झिजत चाललं. फोटोवाले त्याच्या लंडनच्या घराबाहेर दबा धरून बसत. विचारलं की उत्तर एकच : काही झालेलं नाही.

२३ नोव्हेंबर १९९१. शनिवार. त्या दिवशी त्याच्या नावानं एक निवेदन निघालं. मला एड्स आहे. आजवर माझ्या जवळच्यांना त्रास होऊ नये म्हणून मी गप्प राहिलो. पण आता जगाला खरं कळावं आणि सगळ्यांनी या आजाराशी लढावं, अशा अर्थाचं. दुसऱ्या दिवशी, रविवारी संध्याकाळी, तो गेला. वय ४५. त्याचे अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनी केले.

म्हणजे तो शब्द उघडपणे उच्चारल्यावर एक दिवससुद्धा धड त्याला मिळाला नाही. आठ वर्षांचा असल्यापासून तोंडावर हात धरून हसणारा मुलगा. शेवटी त्यानं हात काढला, पण वेळ संपली होती.

७२,००० माणसांची पुण्यतिथी

मागं राहिलेल्या तिघांनी काय करावं? त्यांनी ठरवलं की गाणं करायचं. त्याच मैदानात, जिथं १९८५ मध्ये फ्रेडीनं जेमतेम वीस मिनिटांत सगळ्या स्टेडियमला टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. लंडनचं वेम्बली. तारीख २० एप्रिल १९९२, ईस्टरचा सोमवार. कोण कोण गाणार ते जाहीर व्हायच्या आधीच सगळी तिकिटं काही तासांत संपली. ७२,००० माणसं. दारव्हा तालुक्यातल्या कितीतरी गावांची मिळून होईल एवढी वस्ती, एका मैदानात.

मोठमोठे गायक आले. मेटॅलिका, गन्स एन रोझेस, एल्टन जॉन, डेव्हिड बोवी, ॲनी लेनॉक्स, जॉर्ज मायकेल. काहींचं संगीत कानठळ्या बसवणारं, काहींचं मऊ. बोवीनं गाणं संपल्यावर मंचावर गुडघे टेकले आणि ख्रिस्ती प्रार्थना म्हटली. रॉकच्या कार्यक्रमात प्रार्थना! सगळे चकित झाले. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'च्या मधल्या अनेक आवाजांच्या भागासाठी तर मूळचं ध्वनिमुद्रणच लावलं गेलं. तिथं उभं राहून गाईल असं कुणी नव्हतंच.

प्रेक्षकांना लाल फिती वाटल्या होत्या. शर्टाला टोचायची ही छोटी फीत न्यूयॉर्कच्या चित्रकारांनी आदल्याच वर्षी, १९९१ मध्ये तयार केली होती. 'एड्सच्या रोग्याकडं आम्ही पाठ फिरवत नाही' हे न बोलता सांगायची ती खूण. १ डिसेंबरला, जागतिक एड्स दिनी, शाळेच्या प्रभातफेरीत तुम्ही जी फीत लावता, तीच ही.

मग मंचावर आली एलिझाबेथ टेलर. हॉलिवूडची गाजलेली नटी. ती गाणार नव्हती, बोलणार होती. तरुण पोरांनी भरलेलं मैदान, त्यांना गाणं हवं होतं. गर्दीतून कुणीतरी ओरडलं. ती काही डगमगली नाही. जाते थोड्या वेळात, पण मला जे सांगायचंय ते ऐका, असं तिनं बजावलं. आणि हा आजार कुणालाही होऊ शकतो, स्वतःला जपा, हे सांगितलं. ७६ देशांत हा कार्यक्रम दाखवला गेला. जो शब्द फ्रेडीच्या घरात दार लावून बोलला जात होता, तो मैदानात ध्वनिवर्धकावरून बोलला गेला.

जॉर्ज मायकेलचं गाणं त्या दिवशी सगळ्यांत गाजलं. आजही लोक ते शोधून पाहतात. पण त्या दिवशी प्रेक्षकांना एक गोष्ट माहीत नव्हती. जॉर्जचा जोडीदार त्याच आजारानं ग्रासला होता आणि जॉर्जनंही ते जगापासून लपवलं होतं. फ्रेडीचा मान राखायचा आणि आपल्या माणसासाठी देवाकडं मागणं मागायचं, या दोन गोष्टी मनात धरून मी मंचावर गेलो होतो, असं त्यानं पुढं कितीतरी वर्षांनी सांगितलं. तो जोडीदार १९९३ मध्ये गेला. आजींना म्हणावं, पुन्हा एकदा मोबाइल लावा आणि त्या गाणाऱ्याच्या चेहऱ्याकडं बघा. नाचणाऱ्यांतही कोण कशानं नाचतंय, ते वरून कळत नाही.

या कार्यक्रमातून एक संस्था उभी राहिली. मर्क्युरी फीनिक्स ट्रस्ट. फीनिक्स म्हणजे गोष्टीतला तो पक्षी, जो आपल्याच राखेतून पुन्हा उठतो. क्वीनचं बोधचिन्ह फ्रेडीनं स्वतः काढलं होतं, त्यात सगळ्यांत वर हाच पक्षी आहे. ही संस्था आजही देशोदेशी एचआयव्हीविरुद्धच्या कामाला पैसा देते.

आता आजी म्हणतील, ते गोऱ्या लोकांचं झालं. पण आजी, हे आपल्याकडंही आहे! पंडित भीमसेन जोशींचे गुरू सवाई गंधर्व १९५२ मध्ये गेले आणि १९५३ पासून भीमसेनजींनी त्यांच्या स्मरणार्थ पुण्यात गाण्याचा महोत्सव सुरू केला. तो आजही होतो. एवढं लांब तरी कशाला? शेजारच्या अमरावती जिल्ह्यात गुरुकुंज मोझरीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी होते. महाराज १९६८ मध्ये गेले. तिथं लाखो माणसं ठरल्या क्षणी मौन धरून उभी राहतात. आणि मौन सुटलं की? खंजिरी वाजते! ज्या माणसानं आयुष्यभर खंजिरीवर भजनं म्हटली, त्याची आठवण खंजिरीशिवाय कशी करणार? ज्याचं जे, ते त्याला द्यायचं. फ्रेडीनं आयुष्यभर लोकांना गायला लावलं. मग लोक गायले.

आमच्या गावची पेटी

इथपर्यंत सगळं सोपं होतं. आता माझी गोष्ट.

१९९७ साल असेल. मी आठवीत होतो. गावातल्या एका भजन मंडळात पेटी वाजवणारे एक भाऊ होते. सगळे त्यांना पेटीवाले भाऊच म्हणत. पोटासाठी ट्रक चालवायचे. आठ-आठ दिवस बाहेर. पण गुरुवारी गावात असले की देवळात पेटीवर बसलेच म्हणून समजा. एका हातानं भाता, दुसऱ्या हाताची बोटं पट्ट्यांवर, आणि तोंडात सुपारी. मला सारेगम त्यांनीच दाखवलं. माझं बोट धरून पट्टीवर ठेवायचे आणि म्हणायचे, "दाबू नको बे, नुसतं ठेव. सूर आपोआप येते."

मग ते बारीक होऊ लागले. ताप जाईना. यवतमाळला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथून परत आले ते त्या नावासकटच. कुणी सांगितलं देव जाणे, पण आठवड्यात गावभर झालं. "त्याले तो रोग हाय म्हने." 'तो' रोग. नाव कुणी घेत नव्हतं. त्यांच्या घरचं पाणी कुणी पीत नव्हतं. त्यांच्या अंगणातून जाणारी वाट ओस पडली.

त्यांचा मुलगा माझ्या वर्गात, माझ्याच बाकावर बसायचा. एक दिवस मी माझं दप्तर उचललं आणि मागच्या बाकावर गेलो. मला घरच्यांनी सांगितलं नव्हतं. गुरुजींनीही सांगितलं नव्हतं. कुणीच सांगितलं नव्हतं. मी आपणहून गेलो. त्यानं एकदा वळून बघितलं. मग स्वतःचं दप्तर रिकाम्या जागेवर ठेवलं आणि फळ्याकडं बघत बसला.

भाऊ पावसाळ्याच्या तोंडावर गेले. आमच्याकडं माणूस गेला की भजनी मंडळ टाळ घेऊन येतं आणि नदीपर्यंत भजन म्हणत जातं. त्या दिवशी मंडळ आलं नाही. गावातल्या प्रत्येकाला ज्यानं पेटीवर साथ दिली, तो टाळाच्या एका ठोक्याशिवाय गेला. मंडळाची पेटी त्यांच्याच घरी होती. ती आणायलाही कुणी गेलं नाही. 'पेटीला हात लावू नका' असंच सगळे म्हणत होते. शेवटी त्यांच्या बायकोनं ती चादरीत बांधून देवळाच्या ओट्यावर आणून ठेवली आणि मागं न बघता निघून गेली. पेटी तिथंच राहिली. पाऊस आला. पट्ट्या फुगल्या, भात्याचं कातडं उंदरांनी खाल्लं. येताजाता मी ती बघायचो.

दोस्तांनो, एक साधी गोष्ट तेव्हा कुणी आम्हाला ठणकावून सांगायला हवी होती. पेटीच्या पट्ट्यांतून एचआयव्ही येत नाही. एका बाकावर बसून येत नाही. हात धरून, एका ताटात जेवून, एकाच पेल्यातलं पाणी पिऊन, डास चावून येत नाही. तो येतो असुरक्षित शरीरसंबंधातून, बाधित रक्तातून, दुसऱ्याला टोचलेली सुई पुन्हा वापरल्यानं आणि उपचार न घेतलेल्या आईकडून बाळाला. हे १९९७ मध्येही जगाला माहीत होतं. १९८७ च्या एप्रिलमध्ये इंग्लंडच्या राजकन्या डायनानं लंडनच्या दवाखान्यात एड्सच्या रोग्याशी हातमोजा न घालता हात मिळवला होता. आपल्या देशात पहिले रुग्ण १९८६ मध्ये चेन्नईत सापडले, १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना स्थापन झाली. माहिती होती. आमच्या ओट्यापर्यंत आली नव्हती.

औषधाचंही तसंच. १९९६ पासून तीन औषधं एकत्र द्यायचा उपचार निघाला आणि पाश्चात्त्य देशांत मरणारी माणसं उठून कामावर जाऊ लागली. पण त्याचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या वर. ट्रकवाल्यानं कुठून आणायचे? मग २००१ मध्ये आपल्या मुंबईच्या सिप्ला कंपनीनं जाहीर केलं की गरीब देशांत काम करणाऱ्या डॉक्टरांना आम्ही ही तिन्ही औषधं दिवसाला एक डॉलरहून कमी किमतीत देऊ. साऱ्या जगात खळबळ उडाली. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकार हे औषध मोफत देऊ लागलं. आज वेळेवर तपासणी झाली आणि रोज न चुकता गोळी घेतली, तर एचआयव्ही असलेला माणूस म्हातारा होईपर्यंत जगतो, संसार करतो. २०१७ मध्ये कायदाही झाला. या कारणावरून कुणाला शाळेतून, नोकरीतून, दवाखान्यातून दूर ठेवता येत नाही आणि कुणाचा आजार त्याच्या परवानगीशिवाय जाहीर करता येत नाही. काही विचारायचं असेल तर १०९७ हा सरकारी मोफत दूरध्वनी आहे. नाव सांगावं लागत नाही.

पेटीवाले भाऊ सात वर्षं लवकर गेले. फ्रेडी तर त्याहून लवकर.

आजींना काय सांगशील?

तर मुली, आजींच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं.

वेम्बलीतली माणसं मेलेल्यासाठी नाचत होती, हे खरंच आहे. पण त्यांच्यापुढं दोन वाटा होत्या. 'त्या' रोगानं गेला म्हणून खाली मान घालून गप्प बसायचं, किंवा ७२,००० जणांनी हात वर करून म्हणायचं की हा आमचा माणूस होता. गप्प कसं बसतात ते मी गावात बघितलंय. बसलोही आहे. म्हणून मला ते नाचणं आवडतं.

मागच्या दिवाळीत दारव्ह्याच्या बसस्टँडवर मला तो भेटला. पेटीवाल्या भाऊंचा मुलगा. आता त्याचं स्वतःचं दुकान आहे, त्याची आई सुखरूप आहे. चहा झाला. बोलता बोलता मी दप्तराचं काढलं. म्हटलं, तुला आठवतं का ते माहीत नाही, पण मी उठून गेलो होतो. तो हसला. म्हणाला, "आठवते ना बे. पन तू एकटा थोडीच व्हता." आणि मग चहाचे पैसे त्यानंच दिले. मला देऊ दिले नाहीत.

त्यानं मला दोष दिला नाही, पण 'जाऊ दे' असंही म्हणाला नाही. ते मी बरोबर घेऊन आलो.

बस यायच्या आधी मी विचारलं, भाऊंची तिथी कधी असते? त्यानं सांगितली. मी लिहून घेतली आहे. यंदा गावी जाईन. पेटी मला बरी वाजवता येत नाही, पण सारेगम येतं. मुली, तू आणि तुझी आजी याल का? तुझ्या वर्गातल्या त्या बाक वाजवणाऱ्या मुलांनाही आण. भजनाला ठेका लागतोच.

आणि आजी काय म्हणतात, ते मला नक्की कळव. वाट बघतो.

पुढच्या आठवड्यात भेटूच.

तुमचा,
काका